राणीचं आरमार गेलं कुठं?

"विनाशिका किती? सहा! त्यांच्याहून लहान फ्रिगेट धरल्या तरी सगळ्या मिळून पंधरा होत नाहीत. आणि म्हणे रॉयल नेव्ही!" बापूंनी चहाचा ग्लास कट्ट्यावर आपटला.

'प्रिन्स ऑफ वेल्स' ही ब्रिटिश विमानवाहू नौका 2025 च्या ऑक्टोबरात मुंबईला येऊन गेली, आपल्या नौदलाबरोबर 'कोकण' सरावही झाला. तेव्हापासून आमच्या कट्ट्यावर तिचं नाव निघालं की भांडण ठरलेलं. बापू माझगाव डॉकमधून फिटर म्हणून निवृत्त झाले, त्यामुळे जहाजाच्या बाबतीत शेवटचा शब्द आपलाच, असं ते धरून चालतात. निख्याला हे मान्य नाही. तो चार वर्षं पोर्ट्समथला, म्हणजे ब्रिटिश नौदलाच्या बंदरगावी, नोकरी करून आलाय.

"बापू, जहाजं मोजून काय होतं?" निख्या म्हणाला. "त्यांची अ‍ॅस्ट्यूट वर्गाची एक पाणबुडी टोमाहॉक क्षेपणास्त्रं घेऊन निघाली तर व्हिक्टोरियाचं अख्खं आरमार तिच्यापुढे भंगार आहे. शिवाय 1969 पासून अण्वस्त्रवाली एक तरी पाणबुडी कायम पाण्याखाली असते. एक दिवस खंड नाही."

"हो, आणि आता त्या बिचाऱ्यांच्या फेऱ्या सहा-सहा महिन्यांच्या झाल्यात. बदली पाणबुडी वेळेवर तयारच होत नाही, म्हणून."

आता सुहास सर सरसावले. सर इतिहास शिकवतात. त्यांना मध्येच अडवलं की ते मागच्या शतकात जातात, म्हणून कोणी अडवत नाही. "मोजायचंच असेल तर 1897 पासून मोजा. राणीच्या कारकिर्दीला साठ वर्षं झाली म्हणून पोर्ट्समथजवळ स्पिटहेडला आरमाराचं संचलन झालं. दीडशेच्या वर युद्धनौका रांगेत उभ्या. आणि गंमत म्हणजे त्यासाठी परदेशातल्या तळांवरून एकही जहाज बोलावलं नव्हतं! 1889 चा कायदाच होता, आपल्या खालोखालच्या दोन आरमारांची बेरीज केली तरी आपलं कमी पडता कामा नये."

"त्याच दिवशी ती 'टर्बिनिया' घुसली ना मध्ये?" मी विचारलं.

"घुसली! पार्सन्स या इंजिनियरची ती वाफेच्या टर्बाइनवरची चिमुकली बोट रांगांमधून सुसाट पळाली, आरमाराच्या गस्ती बोटींना काही सापडेना. पण त्या वेळचं ब्रिटन बघा, अपमान गिळून त्यांनी तेच टर्बाइन उचललं. 1906 ची 'ड्रेडनॉट' युद्धनौका टर्बाइनवरच धावली. मात्र तिच्यामुळे त्यांच्या स्वतःच्याच जुन्या युद्धनौका एका रात्रीत म्हाताऱ्या झाल्या आणि जर्मनीला शर्यत नव्यानं सुरू करायला मिळाली. 1922 ला वॉशिंग्टनच्या तहात अमेरिकेशी बरोबरी मान्य करून टाकली. लढाई न हरता पहिला नंबर सोडला, कारण पहिल्या महायुद्धाच्या कर्जानं कंबर मोडली होती."

"हरले तेही सांगा की सर," बापू म्हणाले. "10 डिसेंबर 1941. मलायाजवळ जपानी विमानांनी दोन मोठ्या नौका दुपारपर्यंत बुडवल्या. त्यातल्या एकीचं नाव काय? 'प्रिन्स ऑफ वेल्स'!"

"आणि 'रिपल्स'. डोक्यावर विमानांचं छत्र नव्हतं. दोन महिन्यांत सिंगापूर गेलं. एप्रिल 1942 मध्ये जपानी आरमार सिलोनवर आलं, तेव्हा ब्रिटिश अ‍ॅडमिरल सॉमरव्हिलनं जुनी जहाजं मोंबासाकडे धाडली आणि स्वतः आला मुंबईला. हिंदी महासागर म्हणजे ब्रिटिशांचं तळं, ही समजूत तिथं संपली."

एवढ्यात कोणीतरी कान्होजी आंग्र्यांचं नाव काढलं आणि गाडी रुळावरून घसरली. 1721 ला इंग्रज-पोर्तुगीज मिळून अलिबागच्या कुलाबा किल्ल्यावर आले आणि हात हलवत परत गेले, हे सगळ्यांनाच सांगायचं होतं. 1756 ला विजयदुर्गात आंग्र्यांचं आरमार जळलं तेव्हा पेशवे इंग्रज अ‍ॅडमिरल वॉटसनच्या बाजूनं होते, हे मात्र सरांशिवाय कोणाला बोलायचं नव्हतं. त्यावर पंधरा मिनिटं गेली. ती इथं लिहीत नाही.

वैशाली तोवर गप्प होती. ती बँकेत आहे. "तुम्ही सगळे जहाजांबद्दल बोलताय, मला हिशेब सांगा. साम्राज्य गेलं, तर त्याची राखण करणारं आरमार कशाला पोसायचं? एडन, त्रिंकोमाली, सिंगापूर, सगळे तळ गेले. 1967 ला पौंडाचं अवमूल्यन झालं, 1968 ला पंतप्रधान विल्सननं सांगून टाकलं, सुएझच्या पूर्वेकडून निघतो. घर लहान झालं तर नोकर कमी करणारच. त्यात लाज कसली?"

मला हे पटलं. निख्यालाही पटलं, पण भलत्याच कारणानं. "तेच तर! आणि तरी 1982 ला अर्जेंटिनाकडून फॉकलंड बेटं परत जिंकली. आठ हजार मैलांवर जाऊन."

"कशाच्या जोरावर?" बापू उठून उभे राहिले. आता खरी मजा होती. "नॉट नावाचा त्यांचा संरक्षणमंत्री 1981 ला आरमार कापायला बसला होता. विमानवाहू 'इन्व्हिन्सिबल' ऑस्ट्रेलियाला विकायचं ठरलेलं. दुसरी विमानवाहू 'हर्मिस'ही जाणार होती. पोर्ट्समथ गोदीतल्या कामगारांना कमी करण्याच्या नोटिसा निघालेल्या. त्याच कामगारांनी रात्रंदिवस राबून जहाजं तयार केली आणि काही दिवसांत ताफा निघाला. प्रवासी जहाजांवर हेलिकॉप्टर उतरवायचे तळ बसवले! युद्ध जिंकलं, आणि 1984 ला चॅथमची गोदी बंद केली. चारशे वर्षांची गोदी. जहाज मोडलं तरी परत बांधता येतं, पण वेल्डर, फिटर, पाइपवाला एकदा घरी गेला की परत येत नाही."

"बापू, 'प्रिन्स ऑफ वेल्स' नवीच आहे."

"नवीच आहे म्हणून तर! 65,000 टनांची. 2022 च्या ऑगस्टमध्ये निघाली आणि आइल ऑफ वाइट बेटापाशी पंखा फिरवणाऱ्या शाफ्टचं कपलिंग, म्हणजे जोड, गेलं. 2024 ला तिची जुळी 'क्वीन एलिझाबेथ' नाटोच्या सरावाला निघायची, तिच्याही कपलिंगमध्ये दोष. दोन नौकांवर सहा अब्ज पौंडांच्या वर खर्च केला. त्यांच्याभोवती चालायला जहाजं? विनाशिका बारा बांधायच्या होत्या, सहा बांधल्या. त्यांची इंजिनं आखातातल्या गरम पाण्यात दमून अख्ख्या जहाजाची वीज घालवायची. त्यातली 'डेअरिंग' 2017 पासून आठ वर्षं तरी बंदरातच होती. 'ऑडेशियस' पाणबुडी दुरुस्तीचा ड्राय डॉक रिकामा होईना म्हणून वर्षभरापेक्षा जास्त ताटकळली. रसद पुरवणारं 'फोर्ट व्हिक्टोरिया' खलाशी नाहीत म्हणून बांधून ठेवावं लागलं. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, तो हा असा!"

निख्यानं शेवटचा पत्ता टाकला. "त्यांच्या 'डायमंड' विनाशिकेनं 2024 ला तांबड्या समुद्रात येमेनच्या हूती बंडखोरांचे ड्रोन पाडले. नॉर्वेनं त्यांच्या टाइप 26 फ्रिगेट घ्यायचं ठरवलं, कमीत कमी पाच. मेलेल्या आरमाराकडून कोणी जहाज विकत घेत नाही."

हा मुद्दा बापूंनाही खोडता आला नाही. ग्लासगोची गोदी अजून चालू आहे, रोसाइथलाही फ्रिगेट बांधतायत, हे त्यांना माहीत आहे. पण माझं मत बापूंकडेच झुकतं. वैशाली म्हणते तसं आरमार लहान होण्यात वावगं नाही. लहान झाल्यावरही दोन प्रचंड नौका हव्यात आणि त्यांच्यामागची बिनचेहऱ्याची माणसं, दुरुस्ती, रसद नको, हा सौदा मात्र अंगाशी आला. तो राजकारण्यांनी केला, गोदीवाल्यांनी नाही.

बापू मात्र वेगळ्याच आनंदात होते. "त्यांचं सगळ्यात जुनं तरंगतं लढाऊ जहाज कुठलं, सांग निख्या. 'त्रिंकोमाली', 1817. हार्टलपूलला उभं आहे. बांधलं कोणी? आपल्या मुंबई गोदीत वाडियांनी. मलबारी सागवान!"

"मग आता काय करावं त्यांनी?" सरांनी विचारलं.

"एक नौका विकून टाकावी," वैशाली म्हणाली.

"घेणार कोण?"

"आधी आपल्यालाच विचारतील. 'हर्मिस' घेतलीच होती की आपण. 'विराट' केली, 2017 पर्यंत वापरली."

"आणि मग अलंगला भंगारात," सर म्हणाले. "मालवणजवळ निवतीला तिचं संग्रहालय करायचं राज्य सरकारनं मंजूरसुद्धा केलं होतं. 852 कोटींचं."

"विराटचं नाव काढू नका आता," बापू चप्पल शोधत म्हणाले. "पण विकायला आलेच, तर व्यवहाराआधी मला पाठवा. कपलिंग मी बघणार."