टेबल आजारी आहे

वडील गेल्यावर घराच्या मिळकत पत्रिकेवर माझं आणि बहिणीचं नाव लागावं, एवढीच माझी मागणी होती. कार्यालय कुठलं ते सांगत नाही. बहिणीच्या नावातली वेलांटी अजून त्यांच्याच हातात आहे.

पहिल्यांदा गेलो तेव्हा खिडकीजवळच्या टेबलावर फायली, चष्म्याचं घर, पाण्याची बाटली असं सगळं होतं. खुर्ची मात्र रिकामी. शेजारच्या बाई मान वर न करता म्हणाल्या, "ते मेडिकलवर आहेत." मी बावळटासारखा कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात जाऊन बघून आलो. तिथेही नव्हते.

दुसऱ्या खेपेला मी शहाणा झालो होतो. विचारलं, "मग चार्ज कोणाकडे?"

"मधल्या टेबलाकडे."

"आणि त्या कुठे आहेत?"

"मेडिकलवर."

अशा सहा खेपा झाल्या. दर वेळी ऑफिसात खोकून दाखवायचं, रजा काढायची, पाण्याची बाटली बघायची आणि घरी यायचं. सहाव्या खेपेला बाटलीतलं पाणी दोन बोटं कमी झालेलं दिसलं आणि मला उगाचच आशा वाटली.

शेजारचे काका महसूल खात्यातून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले. रजेचे नियम त्यांना रामरक्षेसारखे पाठ. "नैमित्तिक रजा वर्षाला ८," ते बोटं मोडत म्हणाले, "ती लग्नामुंजीतच संपते. अर्धवेतनी २०. त्याला डॉक्टरचं सर्टिफिकेट जोडलं की ती परिवर्तित होते. म्हणजे दोन दिवस मोडायचे आणि पूर्ण पगाराचा एक घ्यायचा. १९८१ चे नियम आहेत, गंमत नाही." मला ते सुट्टे पैसे घेण्यासारखं वाटलं, पण बोललो नाही. मग काकांनीच सुचवलं, "आरटीआय टाक."

टाकला. जोडपत्र 'अ', वर १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. महाराष्ट्रात २०१२ पासून माहितीचा अर्ज एकाच विषयावर आणि दीडशे शब्दांत बसवावा लागतो. माझा पहिला खर्डा चारशेचा होता. त्यात वडिलांचं आजारपण, रिक्षाभाडं आणि लोकशाही हे सगळं होतं. बायकोने लाल पेन घेऊन आधी लोकशाही काढली, मग रिक्षाभाडं. उरलं ते इतकंच, की या तीन टेबलांवरचे कर्मचारी गेल्या सहा महिन्यांत किती दिवस वैद्यकीय रजेवर होते आणि त्यांना काय झालं होतं.

शेवटचे चार शब्द मला भोवले.

तिसाव्या दिवशी उत्तर आलं. मुदतच ३० दिवसांची, आणि तेवढी मात्र त्यांनी अगदी पुरेपूर वापरली. "सदर माहिती वैयक्तिक स्वरूपाची असल्याने कलम ८(१)(ञ) अन्वये देता येत नाही." बाराखडीत शाळा सुटल्यापासून माझा 'ञ'शी संबंध आला नव्हता. हे अक्षर सरकारने नेमकं याच कामासाठी जपून ठेवलं असावं.

मी तणतणत काकांकडे गेलो. काका गार. "बरोबर आहे त्यांचं. कुणाला मूळव्याध आहे हे तुला कशाला हवं? आजार, उपचार, औषध, डॉक्टर हे सगळं वैयक्तिक, असं सुप्रीम कोर्टाने २०१९ मध्ये सांगितलंय. त्यात २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्याने हे कलमच छाटलं. पूर्वी त्यात होतं, की जे विधिमंडळाला नाकारता येत नाही ते नागरिकालाही नाकारता येणार नाही. ते वाक्य गेलं." म्हणजे आमच्या दीडशे शब्दांवर पहारा ठेवणाऱ्यांनी स्वतःच्या कलमाची काटकसर आमच्याहून जास्त केली होती. एरवी सरकारी मजकूर आखूड झाला तर मी पेढे वाटले असते.

"माणसाची रजा विचारू नकोस," काका म्हणाले, "टेबलाची विचार. टेबलाला कसली आलीय प्रायव्हसी?"

अपील केलं. २० रुपयांचा स्टॅम्प. त्यात आजार नाही, नावं नाहीत; फक्त कुठलं टेबल किती दिवस बंद आणि त्या दिवसांत त्याचा चार्ज कोणाकडे. सुनावणीला अपिलीय अधिकारी स्वतः हजर होते. माहिती अधिकारी नव्हते. कुठे होते ते मी विचारलं नाही, साहेबांनीही सांगितलं नाही. आम्ही दोघांनी समजून घेतलं. "वैयक्तिक भाग वगळून उरलेली द्या," असा आदेश झाला. कलम १० मध्ये तशी सोय आहे, हेही मला तिथेच कळलं.

पंधरा दिवसांनी रजिस्टर पत्र आलं. माहिती एक पान, शुल्क २ रुपये, कार्यालयात भरणा करून घेऊन जावी. मला दोन रुपये मागायला त्यांनी पाकिटावर किती रुपयांची तिकिटं लावली होती, ते मी मोजायचं टाळलं. तोही त्यांचा वैयक्तिक प्रश्न.

ते पान मी अजून जपून ठेवलंय. तीन टेबलं, सहा महिने, एकूण ६१ दिवस. आता खरं सांगायचं तर ६१ हा आकडा मला फार वाटला नाही. तिघांत वाटला तर जेमतेम वीस-वीस. आमच्या कॉलनीत डेंग्यूच्या साथीत एकेका घराने तेवढे दिवस काढलेत. मजा शेवटच्या रकान्यात होती. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात खिडकीच्या टेबलाचा चार्ज मधल्या टेबलाकडे, आणि त्याच आठवड्यात मधल्या टेबलाचा चार्ज खिडकीच्या टेबलाकडे. दोघंही घरी अंथरुणात पडून एकमेकांचं टेबल सांभाळत होते. कागदावर एकही दिवस काम थांबलेलं नव्हतं.

पान घेऊन वळलो तर खिडकीची खुर्ची भरलेली. गृहस्थ खरोखरच ओढलेले दिसत होते, गळ्याला मफलर, टेबलावर गोळ्यांची डबी. माझी फाईल त्यांनी तिसऱ्या मिनिटाला काढली, सही केली, शिक्का मारला. मला इतका राग साठवून ठेवल्याची लाज वाटायला लागली. मग त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"बाई सांगत होत्या, तुम्ही सारखे येता. आज बुधवार. नोकरी वगैरे नाही का?"

"आहे ना," मी म्हणालो. "मेडिकलवर आहे."

"असं होय," ते फाईल बंद करत म्हणाले. "काळजी घ्या."