पुढच्याला घाम फुटेल अशा सूचना कशा लिहाव्यात

कुबरनेटिसचा क्लस्टर, म्हणजे एकत्र जोडून प्रोग्रॅम चालवणाऱ्या मशीनचा गट, उभा करायच्या सूचना लिहायचं काम तुमच्या गळ्यात पडलंय? उत्तम. जळगावच्या ऑफिसात पाचोऱ्याहून रोज अप-डाऊन करणारा नवा पोरगा त्या वाचून कामाला लागणार आहे. तेव्हा आधी हे पक्कं करा, की जे तुम्हाला येतं ते त्यालाही येतच असणार.

सुरुवात 'हे अगदी सोपं आहे' अशी करा. म्हणजे अडल्यावर विचारायला तो लाजेल आणि तुमचा चहा निवांत होईल.

मग थेट मधूनच सुरू करा. 'भाजून सोललेली वांगी घ्या' इथून भरताची कृती सांगावी तसं. कपाशीच्या काड्यांवर भाजायची की गॅसवर, ही चौकशी हवीच कशाला? कोणती कमांड मास्टरवर (हुकूम सोडणाऱ्या मशीनवर) चालवायची आणि कोणती वर्करवर (राबणाऱ्या मशीनवर), हे चुकूनही लिहू नका. तिन्ही मशीनच्या काळ्या खिडक्या सारख्याच दिसतात, तो तिन्हीकडे चालवेल. क्लस्टरचं नाव घालायची जागा कोनी कंसात दाखवा. कंसासकट पेस्ट केलं की शेलला (कमांडी वाचणाऱ्या प्रोग्रॅमला) वाटतं फाइलबद्दल काहीतरी सांगताहेत, आणि ते भलतंच बोंबलतं.

इन्स्टॉल करायला जुन्याच पॅकेज रिपॉझिटरीचा, म्हणजे सॉफ्टवेअर उतरवून घ्यायच्या कोठाराचा, पत्ता द्या. ती सप्टेंबर २०२३ मध्ये गोठवली आणि मार्च २०२४ मध्ये काढूनच टाकली, पण तुम्हाला पत्ता पाठ आहे ना!

खरी मजा स्वॅपची, म्हणजे मेमरी कमी पडली की मशीन डिस्कवरची जी जागा वापरते तिची. 'स्वॅप बंद करा' म्हणून एका ओळीची कमांड द्या. ती मशीन रीस्टार्ट होईपर्यंतच टिकते, कायमचा बंदोबस्त करायला मशीन सुरू होताना वाचते त्या एफएसटॅब फाइलमधली स्वॅपची ओळही काढावी लागते, हे मात्र पोटातच ठेवा. सराव ऑफिसातल्या जुन्या मशीनवर चाललाय, मे महिना आहे, पारा पंचेचाळिशीकडे निघालाय. दुपारी लाइट जाणारच. लाइट आली की मशीनबरोबर स्वॅपही उठेल, कुबलेट (प्रत्येक मशीनवरचा कुबरनेटिसचा कारभारी) स्वॅप चालू असताना काही उठणार नाही, आणि पोराला स्क्रीनवर एवढंच दिसेल की ६४४३ पोर्टवर, म्हणजे मास्टरच्या दारावर, कनेक्शन नाकारलं. स्वॅपचा त्यात उल्लेखसुद्धा नाही. शेजारचा विचारेल, "काय झालं भो?" तो सांगणार काय, कप्पाळ?

टोकनचंही (वर्करला क्लस्टरमध्ये घेणाऱ्या परवलीच्या शब्दाचंही) तसंच. शनिवारी संध्याकाळी इनिट, म्हणजे मास्टर उभा करायची पायरी, झालं, वर्कर जोडायची कमांडही स्क्रीनवर आली. पण गाडी चुकेल म्हणून त्यानं जोडणी सोमवारवर टाकली. टोकनची मुदत २४ तास. नवं एका कमांडीत निघतं, पण ते सांगितलं तर तो शिकेल काय! (क्लस्टरचा पत्ता असलेली कॉन्फिग फाइल आपल्या होम फोल्डरमध्ये कॉपी करायची ओळही गाळा. मग क्लस्टरशी बोलायची कमांड कुबसीटीएल उगाचच लोकलहोस्टच्या, म्हणजे आपल्याच मशीनच्या, ८०८० पोर्टवर दार ठोठावत बसतं आणि वर विचारतं, पत्ता बरोबर दिलात ना?)

हे सगळं निभावून पोरगा क्लाउडवर (इंटरनेटवरच्या भाड्याच्या मशीनवर) पोहोचलाच, तर तिथेही हात आखडू नका. अ‍ॅमेझॉनचा मुंबई रीजन (मशीन ठेवलेला विभाग) २०१६ पासून आहे, तरी उदाहरणात अमेरिकेतलं व्हर्जिनियाच टाका. क्लस्टर कसा उभा करायचा ते दोन पानं लिहा, कसा मोडायचा त्याला एक ओळही नको. काम संपल्यावर तो मुंबई निवडून यादी बघेल, निवडलेल्या रीजनपुरतीच असलेली ती यादी रिकामी दिसेल, आणि तो खुशाल घरी जाईल. व्हर्जिनियातल्या मशीन तासावर चालूच राहतील. बिल महिनाअखेरीस साहेबांच्या मेलवर येईल, आणि साहेब पहिलं बोलावतील ते त्या पोरालाच.