ली बाय चंद्राला मिठी मारायला जाऊन बुडाला नव्हता

कोजागिरी जवळ आली की तो फॉरवर्ड परत फिरायला लागतो, यंदा तर मला तीन ग्रुपवर आलाय. चीनमध्ये ली बाय नावाचा एक मस्तमौला कवी होता, दारू चढल्याशिवाय त्याला कविता सुचायची नाही, एका सुरईत शंभर कविता, राजाने बोलावलं तरी गेला नाही, ना घर ना दार ना कुणाची फिकीर, आणि शेवटी नावेतून पाण्यातल्या चंद्राला मिठी मारायला वाकला आणि बुडून मेला. खाली लोकांचे 'जगावं तर असं' वगैरे. मी ली बाय बरीच वर्षं वाचतोय आणि मला हे वाचून खरंच वाईट वाटतं, कारण यात तो माणूसच सापडत नाही.

आधी मरणाचं बघू. ली बाय ७६२ साली दांगतूला गेला, आजच्या आन्हुई प्रांतात. तिथे त्याचा नात्यातला ली यांगबिंग अधिकारी होता, म्हातारपणी आजारी अवस्थेत त्याच्याकडेच तो राहत होता. या यांगबिंगने ली बायच्या कवितासंग्रहाला प्रस्तावना लिहिलीय आणि त्यात स्वच्छ म्हटलंय की दुखणं विकोपाला गेलं होतं आणि उशीवर पडल्या पडल्या त्याने कवितांची बाडं माझ्या हातात दिली. म्हणजे शेवटी जवळ असलेल्या माणसाने लिहिलंय हे. थडग्यासाठी ली हुआ या त्याच काळातल्या लेखकाने जो लेख लिहिला त्यातही एवढंच आहे की शेवटचं गाणं रचलं आणि गेला. ते गाणं आजही आहे, एक प्रचंड पक्षी दिशादिशांना हादरवत उडतो आणि मधल्या आभाळातच त्याची ताकद संपते. तांग घराण्याच्या, म्हणजे त्या काळच्या राजवटीच्या, जुन्या इतिहासात दारू फार झाल्याने गेला असं आहे, आणि दारूने तब्येत खाल्ली असेल हे मी नाकारत नाही, पण तिथेही नदी नाही, चंद्र नाही. चंद्राची गोष्ट दांगतूजवळच्या त्साइशी या नदीकाठच्या जागेला चिकटलीय, तिथे 'चंद्र पकडायचा ओटा' म्हणून दाखवायचे, आणि बाराव्या शतकातच होंग माय नावाच्या विद्वानाने यांगबिंगची प्रस्तावना आणि ली हुआचा लेख हेच दोन पुरावे पुढे ठेवून ही लोकांची गोष्ट विश्वासाची नाही असं लिहून ठेवलंय. आठशे वर्षं झाली त्याला!

आता शंभर कविता. ही ओळ ली बायची नाहीच, त्याचा कवी मित्र दू फू याची आहे. दू फूने छांगआन या राजधानीतल्या आठ पिणाऱ्यांवर एक कविता केली, त्यात ली बायच्या वाट्याला चारच ओळी आहेत, घडाभर दारू आणि शंभर कविता, बाजारातल्या गुत्त्यात झोप, सम्राटाने बोलावलं तरी नावेत चढत नाही, म्हणतो मी दारूतला देव. मित्राने मित्राचं कौतुकाने काढलेलं चित्र आहे ते, त्याची हजेरीपत्रकासारखी नोंद कशी काय करता? शिवाय तेव्हाची दारू म्हणजे धान्य आंबवून केलेली, भट्टीवर गाळलेली नव्हे. आणि त्याची सगळ्यात पाठ असलेली कविता बघा, चार ओळी, वीस अक्षरं, पलंगापुढे चांदणं पडलंय, वाटलं जमिनीवर दव गोठलंय, मान वर करून चंद्र बघितला, मान खाली घालून गावाची आठवण काढली. दारूचा थेंब नाही त्यात. वर आणि खाली, मानेच्या दोन हालचालींत सगळं परकेपण आणलंय, हे झिंगून होतं असं ज्याला वाटतं त्याने एकदा चार ओळी लिहून बघाव्यात.

राजदरबाराची फिकीर नव्हती हे तर साफ उलटं आहे. तरुणपणापासून तो नोकरीसाठी मोठ्या लोकांचे उंबरे झिजवत होता. हान छाओत्सोंग या अधिकाऱ्याला लिहिलेलं पत्र उपलब्ध आहे, उंची सात फूटसुद्धा नाही पण छाती दहा हजार माणसांची आहे म्हणतो (हे जुन्या चिनी मापातले फूट). ७४२ साली सम्राट श्वानत्सोंगने बोलावलं तेव्हा हरखून गेला, आणि ७४४ मध्ये दरबार सोडावा लागला ते दुःख पुढे कितीतरी कवितांत झिरपत राहिलं. नंतर ७५५ ला आन लूशान या सेनापतीचं बंड झालं, त्या धामधुमीत तो राजपुत्र ली लिनच्या बाजूला गेला, देशासाठी काहीतरी करता येईल म्हणून, आणि राजपुत्र हरल्यावर साठीला टेकलेला हा माणूस शुनयांगच्या तुरुंगात. तिथून त्याने बायकोला कविता पाठवलीय, माझी बातमी ऐकून तू रडत रडत कचेरीत गेलीस, अशी. मग दूर नैऋत्येला येलांगला हद्दपारी, आणि ७५९ मध्ये वाटेतच माफी. त्या काळात दू फूला तो स्वप्नात दिसला, आणि दू फू कवितेत कळवळून म्हणतो, पाणी खोल आहे, लाटा मोठ्या आहेत, पाण्यातल्या नागांच्या तावडीत सापडू नकोस. मला वाटतं बुडण्याच्या गोष्टीला या ओळीनेही खतपाणी घातलं असावं.

आणि घर ना दार, कुणाची फिकीर नाही, हे मला सगळ्यात जास्त लागतं. त्याला पिंगयांग नावाची मुलगी आणि बोछिन नावाचा मुलगा होता, पूर्वेकडे लू प्रदेशात, आणि हा दूर दक्षिणेत जिनलिंगला, म्हणजे आजच्या नानजिंगला. तिथून लिहितो, घराच्या पूर्वेला मी लावलेलं पीचचं झाड, त्याला सोडून तीन वर्षं होत आली, आता ते माडीएवढं झालं असेल. पिंगयांग फूल तोडून झाडाला टेकून उभी असेल, मी दिसत नाही म्हणून डोळ्यांतून झरा वाहत असेल, धाकटा आता ताईच्या खांद्याला लागला असेल, दोघं झाडाखालून चालत असतील, त्यांच्या पाठीवरून हात कोण फिरवतं? एवढं लिहून त्याने रेशमाचा तुकडा फाडला, त्यावर ही कविता उतरवली आणि वेन नदीकडे मुलांना पाठवून दिली.