दुकानाकडून उत्तर: पाच मिनिटांच्या कामाला दोन दिवस का लागले

नमस्कार साहेब,

लॉक झालेला फोन उघडून घ्यायला तुम्हाला दादरला आमच्या मोबाइलच्या दुकानात दोन खेपा माराव्या लागल्या, त्याबद्दल माफ करा. शनिवारच्या गर्दीत आम्ही काउंटरवर नीट समजावून सांगितलं नाही, ही आमची चूक.

पण ‘पाच मिनिटांचं काम दोन दिवस लटकवलं, फोटो घालवले, वर 350 रुपये घेतले’ हे तुमच्या रिव्ह्यूत वाचून फार लागलं. फोन आमच्याकडे आला तेव्हा पॅटर्न लॉक उरलंच नव्हतं. व्हिडिओत बघून पॉवर आणि व्हॉल्यूम अप दाबून रिकव्हरीतून (फोन सुरू होण्याआधीच्या मेनूतून) ‘वाइप डेटा’, म्हणजे सगळं पुसणं, घरीच झालं होतं. फोटो तिथेच गेले. असं रीसेट केलं की अँड्रॉइड आधीचा गुगल आयडी मागतो, 2015 साली आलेल्या अँड्रॉइड 5.1 पासून हे आहे. तुम्हाला पासवर्ड आठवेना, म्हणून तो शनिवारी संध्याकाळी बदललात. नुकताच बदललेला पासवर्ड असला की गुगल 24 तास थांबायला लावतं. त्यावर आमचा काय, कोणाचाच इलाज नाही. रविवारी दुकान बंद, म्हणून सोमवार उजाडला. सोमवारी फोन चालू करूनच हातात दिला, साहेब. 350 रुपये आधीच पावतीवर लिहिले होते.

आणि लॉक काढायला तुम्ही लॅपटॉपवर घेतलेलं 1,499 रुपयांचं ते टूल, म्हणजे सॉफ्टवेअर? तुमच्याच लॅपटॉपवर, तुमच्यासमोर केबल काढून ठेवली, तरी हिरवी पट्टी 100 टक्क्यांपर्यंत पळाली आणि ‘अनलॉक सक्सेसफुल’ आलं. फोन जोडलेलाच नव्हता! ‘डेटा न जाता लॉक काढतो’ म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. अँड्रॉइड 10 घेऊन आलेल्या फोनमधला डेटा एन्क्रिप्टेड, म्हणजे किल्लीशिवाय वाचता न येणारा असतो, त्याची किल्ली तुमच्या पिनशी किंवा पॅटर्नशी बांधलेली. यातली बरीच टूल्स आधी ‘यूएसबी डिबगिंग’ (केबलवरून फोनला हुकूम देऊ देणारी सेटिंग) ऑन करा म्हणतात, पण ते लॉक उघडल्याशिवाय ऑन होतच नाही. आयफोनचं ॲक्टिव्हेशन लॉक (मालकाच्या ॲपल आयडीशिवाय फोन चालू न होऊ देणारं) तर ॲपलच्या सर्व्हरवर असतं, लॅपटॉपवरचं टूल तिथे काय करणार?

बिल आणि बॉक्स मागितला त्याचाही तुम्हाला राग आला. चोर समजून नाही मागितला. आयएमईआय, म्हणजे फोनचा स्वतःचा नंबर, जुळल्याशिवाय आम्ही कोणाचाच फोन हातात घेत नाही, मग गिऱ्हाईक वीस वर्षांपासूनचं का असेना.

यापुढे किती वेळ लागेल ते पावतीवर लिहून देऊ, काउंटरवर बोर्डही लावतो.

एक काळजी मात्र आहे. त्या टूलसाठी तुम्ही अँटीव्हायरस बंद केला होता. तो चालू करून पूर्ण स्कॅन करा, टूल काढून टाका, बँकेचा पासवर्ड त्या लॅपटॉपवरून नको, दुसरीकडून बदला. खात्यातून काही गेलंच तर लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा. आणि त्याच आयडीने गुगल फोटोज उघडून बघा, बॅकअप चालू असेल तर तुमचे फोटो तिथे असतील. जमलं नाही तर फोन घेऊन या, बसून बघू. त्याचे पैसे नाहीत.