गायगर काउंटर नारळ खात नाही

‘बिकिनी बेटावर आता काही धोका नाही. हिरोशिमात लाखो लोक राहतात, बिकिनीत पर्यटक डुबक्या मारतात, मीटर गप्प असतं. तरी बेटवाल्यांना मुद्दाम घरी जाऊ देत नाहीत.’ हा मेसेज एव्हाना तुमच्याकडेही आला असेल. बिकिनी म्हणजे प्रशांत महासागरातलं प्रवाळबेट, जिथे अमेरिकेने अण्वस्त्रांच्या चाचण्या केल्या आणि त्यासाठी तिथल्या लोकांना हलवलं. मेसेजमधले बरेच तपशील खरे आहेत, पंचाईत तीच आहे.

हिरोशिमाचा बॉम्ब जमिनीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर फुटला. बिकिनीवरचा १ मार्च १९५४चा ‘कॅसल ब्राव्हो’ हा हायड्रोजन बॉम्ब त्याच्या हजारपट ताकदीचा, १५ मेगाटनांचा, आणि फोडला थेट प्रवाळावर. त्या प्रवाळाचा किरणोत्सारी भुगा आसपासच्या बेटांवर पडला. बिकिनीवर १९४६ ते १९५८ मध्ये अशा-तशा २३ चाचण्या झाल्या. तुलना इथेच संपते.

आता मीटर, म्हणजे किरणोत्सार मोजणारा गायगर काउंटर. ते बाहेरून येणारे किरण मोजतं, ताटातलं काही सांगत नाही. नारळाला पालाश (पोटॅशियम) किती लागतो, हे कोकणातल्या कुठल्याही बागायतदाराला विचारा. प्रवाळाच्या मातीत पालाशची वानवा, आणि सिझियम-१३७, म्हणजे स्फोटातून मागे उरलेलं किरणोत्सारी द्रव्य, रसायनाने पालाशचा सख्खा भाऊ. झाड त्यालाच पालाश समजून ओढून घेतं. मग ते पाण्यात, खोबऱ्यात आणि खाणाऱ्याच्या अंगात. नव्वदच्या दशकात आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या तज्ज्ञांनी हिशेब मांडला: फक्त बेटावरचंच खाल्लं तर वर्षाला सुमारे १५ मिलिसिव्हर्ट (अंगाला लागणाऱ्या किरणोत्साराचं माप). नैसर्गिक किरणोत्साराची जागतिक सरासरी आहे २.४. पर्यटक बोटीवरचं जेवतो आणि सुट्टी संपली की निघतो; त्याचं उदाहरण वस्तीला कसं लागू पडेल?

‘सत्तर वर्षं झाली की!’ झाली. सिझियमचं अर्धायुष्य, म्हणजे ते निम्मं व्हायला लागणारा काळ, ३० वर्षांचं; म्हणून अजून साधारण पाचवा हिस्सा शिल्लक.

राहिलं ‘मुद्दाम’. १९६८ साली अमेरिकेचे अध्यक्ष जॉन्सन यांनी बेट सुरक्षित असल्याचं जाहीर केलं. सत्तरच्या दशकात काही कुटुंबं परतली, तिथलं पिकलेलं खाऊ लागली. तपासणीत त्यांच्या अंगातलं सिझियम वाढत गेलेलं दिसलं आणि १९७८ मध्ये त्यांना पुन्हा उचलावं लागलं. अडवलं म्हणून नव्हे, घाईने पाठवलं म्हणून त्यांचं नुकसान झालं.

उपाय आहे: पालाशचं खत घातलं की नारळातलं सिझियम नव्वद टक्क्यांच्या आसपास घटतं. फक्त माती तीच राहते, म्हणून खत पुन्हा पुन्हा घालावं लागतं. ते कोण आणि कुणाच्या पैशाने घालणार, याबद्दल मेसेजमध्ये अक्षर नाही.