दारापुढचं गवत आणि शेतातलं गवत: एका प्रतिक्रियेला उत्तर

दादा, नमस्कार.

दारापुढे लॉन करण्यापेक्षा कमी पाण्यावर तग धरणारी शोभेची गवतं लावा, असं मी मागच्या लेखात लिहिलं होतं. त्यावर अमळनेर तालुक्यातून तुमची प्रतिक्रिया आली: "ताई, आम्हनी आख्खी जिंदगी निंदामा गयी, नि तुम्ही तेच गवत इकत लई लावतस?" पुढे तुम्ही विचारलंत की हे गवत शेतात शिरलं तर निस्तरायचं कोणी, टँकरवर जगणाऱ्या गावात शोभेला पाणी कुठून आणायचं, आणि घराला लागून वाळकं गवत उभं ठेवणं म्हणजे आगीला आणि साप-विंचवाला बोलावणं नाही का. दोन ओळींत भागण्यासारखं नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

पहिलं निंदणीचं, म्हणजे तण काढण्याचं. तुमच्या रानात ज्यांनी जीव नकोसा केला ती नावं मला माहीत आहेत: कुंदा, हरळी, लव्हाळा. कुंदा काळ्या जमिनीत खोल कांड्या सोडतो. वखराने तुकडे झाले तर प्रत्येक तुकड्याला पुन्हा कोंब येतो. हरळी वरूनही धावते आणि खालूनही. लव्हाळ्याच्या गाठी कितीही वेचा, एखादी राहतेच. ही तिन्ही जमिनीखालून पसरतात, म्हणून हटत नाहीत. मी सुचवलेली वाळा, रोशा, पवन्या ही ठोंब करून, म्हणजे एकाच जागी दाट झुबका धरून राहणारी आहेत. ठोंब जाड होतो, पण धावत नाही. नको झाला तर कुदळीने उचलून टाकता येतो. मारवेल मात्र थोडं सरकतं, जमिनीला टेकलेल्या पेऱ्याला मुळं फुटतात. शेताच्या कडेला ते नको, अंगणात फरशी किंवा विटांची कड करून लावलं तर जागच्या जागी राहतं.

पसरण्याचा दुसरा रस्ता बियांचा, आणि तिथे तुमची शंका रास्त आहे. नर्सरीत हल्ली फाउंटन ग्रास सर्रास मिळतं. त्यातलं हिरवं वाण भरपूर बी धरतं आणि ते वाऱ्याबरोबर जातं. हवाई बेटांवर ते असंच मोकाट सुटलं आणि तिथल्या माळांवर वणवे वाढले. खानदेशात ते कोणी लावू नये असं माझं ठाम मत आहे. जांभळ्या पानांच्या वाणाला बी जवळजवळ धरत नाही, शहरातल्या कुंडीत ते चालेल. पंपास गवताच्या पांढऱ्या तुऱ्यांचे फोटो सगळ्यांना भुरळ घालतात, पण त्याच्या पानाची कड हात कापते आणि आपल्या वैशाखात ते पाणी मागत राहतं. तेही सोडून द्या.

कुसळी गवताचं बी तुम्हाला सांगायला नको, धोतराला आणि मेंढीच्या लोकरीला चिकटलेलं तुम्ही पाहिलंच आहे. तरी एकदा हे करून बघा. वाळलेलं एक कुसळ तळहातावर ठेवा आणि त्यावर पाण्याचा थेंब सोडा. पीळ घातलेली शेपटी हळूहळू उलगडत फिरायला लागते. वाळली की पुन्हा पीळ भरतो. अशा फिरण्यातून ते बी आपलं टोक जमिनीत रुतवत नेतं, आणि तसंच मेंढीच्या कातडीतही. बघायला मला ते फार आवडतं, पण मुलं आणि कुत्री फिरतात त्या वाटेवर कुसळी कदापि लावू नये.

आता रोशाबद्दल, कारण ते आपलं आहे आणि आपण विसरलो आहोत. सातपुड्याच्या उतारावर उगवणारं हे उंच गवत हिवाळ्याच्या तोंडाशी तांबूस तुऱ्याला येतं. पान चुरगाळलं की गुलाबाच्या जवळ जाणारा वास हाताला राहतो. एकोणिसाव्या शतकात पिंपळनेर, नंदुरबार, शहादा, तळोदा या पट्ट्यात त्याचं तेल काढायच्या भट्ट्या लागत. ते तेल मुंबईहून तांबड्या समुद्राच्या वाटेने तुर्कस्तानापर्यंत जाई आणि तिथे गुलाबाच्या अत्तरात मिसळलं जाई. ज्या गवताने खानदेशाचा माल इतक्या दूर नेला, ते आज आपल्याच अंगणात परकं वाटावं याचं मला खरोखर वाईट वाटतं.

पाण्याचा हिशोब सरळ आहे. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. उन्हाळ्यात हिरव्यागार लॉनमधून दिवसाला सहा-सात मिलिमीटर पाणी उडतं असं धरा. शंभर चौरस फूट म्हणजे नऊ चौरस मीटरहून थोडं जास्त, म्हणजे रोज साठेक लिटर पाणी. टँकरच्या गावात हे परवडत नाही, इथे तुमचं-माझं एकच मत आहे, आणि लॉनला माझा विरोध त्याचसाठी आहे. पवन्या आणि रोशा इथल्या पावसावर हजारो वर्षं जगत आलेत. पहिलं वर्ष मात्र त्यांना जपावं लागतं: पावसाळा संपला की आठवड्याला एकदा, मुळाशी, संध्याकाळी पाणी. दुसऱ्या उन्हाळ्यापासून महिन्यातून एक-दोनदा पुरतं, आणि नाहीच दिलं तर गवत वरून वाळतं पण मुळं जिवंत राहतात. वाळ्याची मुळं तर दहा फुटांच्याही खाली जातात.

पाणी द्यायचं की नाही हे पानाला विचारावं. दुपारी दोन वाजता पवन्याचं पान लांबीत आत वळून बारीक नळी झालेलं दिसतं. ते सुकणं नव्हे, उन्हासमोर कमी पान धरणं आहे. सकाळी सातला तेच पान सपाट उघडलेलं असेल तर पाण्याची गरज नाही. सकाळीही वळलेलंच असेल तर द्या.

आपल्याकडे गवत तहानेने कमी मरतं, साचलेल्या पाण्याने जास्त. काळी जमीन पावसाळ्यात पाणी धरून बसते आणि ठोंबाचा गाभा कुजतो. म्हणून मुरूम मिसळून फूटभर उंच वरंबा करा आणि मृगाचा चांगला पाऊस होऊन वापसा आला, म्हणजे चिखल ओसरून जमीन कामाजोगी झाली, की ठोंबं त्यावर लावा. युरिया अजिबात नको. जास्त नत्राने गवत माजतं आणि पहिल्या वादळी पावसात लोळतं, जसं तुमच्या ज्वारीचं होतं. तीन-चार वर्षांनी ठोंबाचा मधला भाग मेलेला दिसेल. तेव्हा उपटून, फोडून, कडेचे जिवंत तुकडे पुन्हा लावायचे.

आगीचा आक्षेप मला सगळ्यात वजनदार वाटला. वाळकं गवत पेटतंच. त्यामुळे जागा आणि वेळ, दोन्ही पाळावे लागतात. भिंत, गोठा, कडब्याची गंजी, विजेची डीपी यांपासून किमान दहा फूट लांब लावायचं. आणि होळीच्या आत कापून घ्यायचं, कारण त्यानंतर झळा सुरू होतात. ठोंबाला सुतळीने मधोमध बांधा, जमिनीपासून चार-सहा इंच ठेवून विळ्याने खाली कापा, सगळी पेंढी एकदम हातात येते. त्याहून खाली कापू नका, कोंब तिथेच असतात. जाळून तर कधीच काढू नका. सापाचं तुम्ही म्हणता ते खरं आहे, दाट बुडात उंदीर राहतो आणि त्याच्यामागे साप येतो. बूड मोकळं ठेवायचं, दोन ठोंबांत तीन-चार फुटांचं अंतर ठेवायचं, मुलांच्या खेळायच्या जागेजवळ उंच गवत लावायचंच नाही.

"सहा महिने नुसतं काड दिसतं" हेही तुम्ही लिहिलंय. दादा, कार्तिकात धुळ्याजवळच्या लळिंगच्या कुरणावर सकाळचं ऊन पडलेलं बघा. ते सोनेरी काड हाच या मुलखाचा रंग आहे. बारमाही हिरवं दिसलं पाहिजे हा हट्ट पाणी खातो. शिवाय त्या काडावर मुनिया बी टिपायला येतात, आणि पावसाळ्यात सुगरण हिरव्या पानाची कड चोचीत धरून लांबच लांब पट्टी सोलून नेते.

शेवटी तुम्ही विचारलंत की कापलेलं बैल तरी खातील का. मारवेल आणि पवन्या आवडीने खातील, फुलोऱ्याच्या आधी कापलं तर जास्तच. वाळ्याची कोवळी पानंच खातात, जून झाली की तोंड फिरवतात. तयार रोशाला तेलाच्या वासामुळे जनावर सहसा तोंड लावत नाही, त्याचं लिंबाच्या आळ्यात आच्छादन करा. तुमच्या बांधाची माती दरवर्षी वाहून जाते असं तुम्ही ओझरतं लिहिलं आहे. तिथे बी न धरणाऱ्या जातीचा वाळा उताराला आडवा, वीतभर अंतराने एका ओळीत, वाढल्यावर ठोंबाला ठोंब लागेल असा लावून बघा. माझ्याकडे त्याची ठोंबं आहेत. जूनमध्ये धुळ्याला येणं झालं तर ओल्या गोणपाटात बांधून देते.