‘ज्याला जसं जमेल तसं’ शिकवते का मी? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

माझ्या गाण्याच्या क्लासमधल्या तीन विद्यार्थ्यांना भूप हा राग तीन वाटांनी कसा शिकवला, यावर मी मागे लिहिलं होतं. त्यावरची तुमची प्रतिक्रिया मी तीन-चारदा वाचली. दोन ओळींत उत्तर देऊन भागणार नाही, म्हणून सविस्तर लिहिते आहे. इतर वाचकांसाठी तुमचे मुद्दे थोडक्यात सांगते. ‘डोळ्यांनी शिकणारा, कानांनी शिकणारा, हालचालीतून शिकणारा’ ही मुलांची विभागणी शास्त्राच्या कसोटीवर उतरलेली नाही. संगीत ही कानाची विद्या, ती कानानेच द्यावी. गुरूने शिष्याप्रमाणे बदलायचं नसतं, शिष्यानेच घडायचं असतं. आणि वही-फळ्याच्या कुबड्या घेतलेली मुलं तानपुऱ्यासमोर बसली की उघडी पडतात.

पहिला मुद्दा मला मान्य आहे, अगदी पूर्ण. १९९२च्या सुमारास न्यूझीलंडमध्ये नील फ्लेमिंग यांनी शिकण्याची शैली ओळखण्यासाठी ‘व्हार्क’ नावाची प्रश्नावली मांडली. डोळे, कान, वाचन-लेखन आणि हालचाल असे तिचे चार कप्पे. मीही एका कार्यशाळेतून ती घेऊन आले आणि क्लासमध्ये भरून घेतली. पुढे २००८ साली मानसशास्त्रज्ञ हॅरल्ड पॅशलर आणि त्यांच्या तीन सहकाऱ्यांनी या विषयावरचं उपलब्ध संशोधन तपासलं. मुलाच्या शैलीप्रमाणे शिकवलं की तो जास्त शिकतो, असं म्हणायला पुरेसा पुरावा नाही, असा त्यांचा निष्कर्ष निघाला. हे मला ठाऊक असायला हवं होतं. तरीही त्या लेखात मी एका मुलाला ‘हा हालचालीतून शिकणारा’ असं लिहून मोकळी झाले. ते चुकलंच. दहा वर्षांच्या पोराच्या कपाळावर असा शिक्का मारण्याचा मला अधिकार नाही.

पण शैलीचं लेबल खोटं ठरलं म्हणून सगळ्यांना एकाच पद्धतीने शिकवावं, हे मात्र त्यातून निघत नाही. तो मुलगा आणि त्याचा तीनताल, म्हणजे सोळा मात्रांचा (ठोक्यांचा) ताल, एवढंच नीट सांगते.

भूपातली मध्य लयीतली बंदिश, मुखडा, म्हणजे तिची सुरुवातीची ओळ, नवव्या मात्रेपासून उचलायची; या मात्रेला ‘खाली’ म्हणतात, तिथे टाळी न देता हात उघडा दाखवतात. स्वर चोख, पण हा दर आवर्तनाला, म्हणजे तालाच्या दर फेऱ्याला, भलत्याच ठिकाणी समेवर (तालाच्या पहिल्या मात्रेवर) आल्यासारखा थांबायचा. ठेका चालू, आणि याची मान डुलायची ‘खाली’च्या मात्रेवर. मी बोटांवर मात्रा मोजायला लावल्या, टाळी-खाली हाताने दाखवायला लावली. दोन महिने गेले. लयच कच्ची आहे, असं मी मनात ठरवूनही टाकलं होतं. मग एकदा त्याला म्हटलं, “मोठ्याने मोज रे, मला ऐकू येऊ दे.” त्याने मुखड्याच्या पहिल्या अक्षराला ‘एक’ म्हटलं. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. गाणं जिथे सुरू होतं तीच सम, असं तो धरून चालला होता. मोजणी त्याची अचूक होती, फक्त नवव्या मात्रेलाच तो ‘एक’ म्हणत होता.

आमच्या पडवीत शहाबादी फरशी आहे. तिच्यावर खडूने चौकोन काढला, प्रत्येक बाजूला चार पावलं. पहिल्या कोपऱ्यावर सम, दुसऱ्यावर पाचवी मात्रा, तिसऱ्यावर खाली, चौथ्यावर तेरावी. सम, पाच आणि तेरावर टाळी, तिसऱ्या कोपऱ्यावर हात उघडा. “धा धिं धिं धा” म्हणत तो फेऱ्या मारू लागला. चार-पाच फेऱ्यांनी म्हटलं, “आता तिसऱ्या कोपऱ्यावरून मुखडा उचल.” उचलला, चालत राहिला, आणि पहिल्या कोपऱ्यावर पाऊल पडताना ओठांवर समेचं अक्षर होतं. तो जागीच थांबला. म्हणाला, “मावशी, सम इथे आहे होय!”

त्याला चालवलं ते तो ‘चालून शिकणारा’ होता म्हणून नाही. ताल हा फिरून त्याच जागी येणारा फेरा आहे, आणि बोटांवर मोजताना तो फेरा दिसत नाही, सरळ रेघ दिसते. पुढे तोच चौकोन मी सगळ्यांना चालायला दिला आणि सगळ्यांनाच उपयोगी पडला. म्हणजे एका अर्थी तुमचंच म्हणणं खरं ठरतं: कुठली गोष्ट कशी शिकवायची हे बरंचसं ती गोष्टच ठरवते. पण कोणाचं पाऊल नेमकं कुठे अडलंय, ते प्रत्येकाजवळ बसल्याशिवाय कळत नाही. मी बदलते ते एवढ्यासाठी.

वहीबद्दल. तुम्ही जिला कुबडी म्हणता ती वही आमच्याकडे एक काका वापरतात. निवृत्तीनंतर गाणं सुरू केलेले. लिहून घेतल्याशिवाय त्यांचा जीव स्वस्थ होत नाही. त्यांच्यासाठी माझा नियम एकच: पहिल्या दिवशी वही बंद. बंदिश ऐकायची, माझ्यामागे म्हणायची. घरी जाऊन ऐकलेलं आठवून स्वतः लिहायचं, स्वर लिहिण्याच्या भातखंडे पद्धतीने, कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी. फळ्यावरून उतरवून घ्यायचं नाही. लिहिताना कुठे अडलं ते दुसऱ्या दिवशी मला कळतं, कारण तिथे खाडाखोड असते. ही वही कानाचीच परीक्षा घेते.

आणि लेखनाला परंपरेच्या बाहेरचं मानू नका, ही कळकळीची विनंती. मी मिरजेत राहते. लहानपणी फटाक्याने दृष्टी अधू झालेला कुरुंदवाडचा मुलगा याच गावात गायक बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे शिकला. पुढे त्याच मुलाने, म्हणजे विष्णु दिगंबर पलुसकरांनी, १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, स्वतःची स्वरलिपी तयार केली, विद्यार्थ्यांसाठी पुस्तकं छापली. डोळ्यांनी अधू असलेल्या माणसाला गाणं कागदावर यावंसं वाटलं, याचा विचार करताना मला दर वेळी भरून येतं. मोजक्या घरांत अडकलेली विद्या त्यांना बाहेरच्या मुलांपर्यंत न्यायची होती.

‘शिष्याने घडायचं असतं’ हे वाक्य मात्र मला टोचलं. अकरा वर्षांची असताना मी एका क्लासला जात होते. माझा गळा काळी पाचचा, म्हणजे पेटीच्या पाचव्या काळ्या पट्टीला ‘सा’ धरून गाणारा; तिथे सगळ्यांना एकच पट्टी. सूर कधी नीट लागायचाच नाही. बाई म्हणाल्या, “तुला कान नाही.” मी दोन वर्षं गायले नाही, घरीसुद्धा. पुढे दुसऱ्या शिक्षकांनी पेटीवर पट्टी बदलून दिली, आणि पाच मिनिटांत सूर लागला. एकाच साच्यातून जे पार पडले त्यांची नावं आपल्याला माहीत आहेत. जे उठून गेले त्यांची यादी कोणी ठेवली नाही.

आता तुमचा शेवटचा प्रश्न: “आधार काढून घेतल्यावर ही मुलं गातील का?” रास्त आहे. तो मुलगा आता मांडी घालून बसूनच गातो. ‘खाली’च्या मात्रेवर आला की पायाचा अंगठा सतरंजीवर किंचित उचलला जातो, तेवढंच. काका अर्धी बंदिश वही न बघता म्हणतात, अंतऱ्याला, म्हणजे बंदिशीच्या दुसऱ्या भागाला, अजून पान उलटतात. तिसरी विद्यार्थिनी, एक मुलगी, अडली आहे ती भूप आणि देशकार या दोन रागांत. दोन्हींत सा रे ग प ध हेच स्वर, त्यामुळे फळ्यावर स्वर लिहून दाखवणं तिथे काहीच कामाचं नाही. भूपात मुक्काम गंधारावर, देशकारात धैवतावर, हे तिला तोंडपाठ आहे. गायला बसली की देशकारही पुन्हा गंधारावर येऊन टेकतो. सध्या रोज दहा मिनिटं मी फक्त ‘ध, प, ग प ध प’ एवढंच गाते आणि ती ऐकते. तिथे दुसरी वाट मला तरी सापडलेली नाही. तुम्हाला माहीत असेल तर नक्की लिहा, मी शनिवारी तिला शिकवून बघेन.